चिखलातला मोर

माझा धंदा काय, हे मला आजवर लग्नाच्या पंगतीत धड सांगता आलेलं नाही. "लहान मुलांसाठी खेळायच्या जागा करते," असं म्हटलं की शेजारच्या काकू विचारतात, "म्हणजे घसरगुंड्या?" नाही म्हटलं की, "मग झोके?" तेही नाही म्हटलं की त्यांचा माझ्यातला रस संपतो आणि त्या मठ्ठ्याकडे वळतात. एकदा मी जिद्दीला पेटून सगळं सांगितलं, "मी माती, वाळू, पाणी, लाकडाची फळकुटं, जुनी भांडी असं सामान आणून मांडते. त्याचं काय करायचं ते मुलं ठरवतात." काकूंनी हातातला घास थांबवला. "आणि याचे तुम्हाला लोक पैसे देतात?" देतात हो, कुरकुरत का होईना, पण देतात.

आधी मी स्वयंपाकघरं करून द्यायचे. ओटे, ट्रॉल्या, भिंतीतली कपाटं. नारायण पेठेत एका घरी ओट्याचं काम चालू होतं. त्या घरात एक चिमुरडी होती, नुकती चालायला लागलेली. तिच्यासाठी आणलेल्या खेळण्यांनी खोली भरली होती. पण ती आमच्या कामाच्या पसाऱ्यात येऊन बसायची. ग्रॅनाइटच्या तुकड्याला आधी गाल लावून बघायची, मग पोट. मग तोच तुकडा भुश्यात पुरायची आणि शोधून काढायची. तिची आई तिला दर थोड्या वेळाने उचलून खेळण्यांत नेऊन ठेवायची आणि ती पुन्हा हजर. ओटा राहिला बाजूला, मी तिच्याकडेच बघत बसले. तो ओटा अर्धा इंच तिरका झाला, हे मात्र त्या बाई आजही भेटल्या की सांगतात.

या कामातली गोम साधी आहे. बटण दाबलं की कोंबडा आरवतो, असं खेळणं असतं. दोन दिवस मूल बटण दाबतं. तिसऱ्या दिवशी त्यात राम उरत नाही आणि कोंबडा माळ्यावर जातो, कारण त्या खेळण्याचं उत्तर एकच आणि तेही कारखान्यात ठरलेलं. फळकुट मात्र सकाळी पूल असतं, दुपारी इस्त्रीचं टेबल आणि संध्याकाळी तलवार. तलवार झाली की मी ते काढून घेते. मातीचं तर विचारूच नका. ती कोरडी वेगळी, ओली वेगळी, उन्हात तापलेली वेगळी. बोटांना हे सगळं कळतं आणि बोटांकडून डोक्याला. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं बरंचसं शिकणं असंच चालतं. आम्ही मोठी माणसं मात्र ते पाटीवर अक्षर उमटेपर्यंत मोजत नाही.

म्हणून आमच्या कामात मांडणी अर्धीच करायची असते. पूर्ण केली की मुलाला करायला काही उरत नाही. हे गिऱ्हाइकाला पटवणं महाकठीण. खराडीत एका पूर्वप्राथमिक शाळेत मी मातीचं स्वयंपाकघर केलं, म्हणजे दोन ओंडके, एक नळ आणि खूपशी माती. आयटीतले एक बाबा पाठीला लॅपटॉप अडकवून बघायला आले. "मॅम, कॉन्सेप्ट मस्त आहे. पण माती सर्टिफाइड आहे का?" मी म्हटलं, "हो, गांडुळांनी सह्या केल्यात." ते हसले नाहीत. मग मी त्यांना माती कशी आणतो, चाळतो, उन्हात पसरून वाळवतो, तिच्यातल्या काचा-खिळे कसे हातानं शोधतो, सगळं दाखवलं. शेवटी त्यांनी बूट काढले, पँट दुमडली आणि मुलीनं केलेली भाकरी जरा पातळ झालीय असं सांगून ती पुन्हा थापायला बसले. त्यांचा फोन बराच वेळ वाजत होता.

सगळीकडे असं गोड होत नाही. एका मोठ्या सोसायटीत मी मनापासून केलेलं अंगण वर्षभरानं बघायला गेले, तर मातीवर हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलेलं. मधोमध कारंजं आणि त्यातलं पाणी बंद. "मेन्टेनन्सला सोपं पडतं," असं तिथल्या कमिटीनं मला समजावलं. त्या गवतावर दुपारी पाय ठेवला तर चटका बसत होता आणि एकही मूल तिथे नव्हतं. अशा दोन-तीन जागा माझ्या मनात अजून सलतात.

म्हणूनच कसब्यातल्या शबानाताईंचा फोन आला तेव्हा मी आधी सावधपणे विचारलं, "जागा कुणाची आहे?"

शबानाताई कसबा पेठेतल्या एका जुन्या ट्रस्टच्या इमारतीत बालवाडी चालवतात. घराणं पिढ्यान्‌पिढ्या त्याच पेठेतलं, मराठी माझ्याहून स्वच्छ. त्यांची बालवाडी म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. दिवसाही दिवा लावावा लागतो. मागे अंगण आहे, ऊन आहे, पण त्या अंगणात ट्रस्टची मोडकी कपाटं ठेवलेली. "इतकी वर्षं शिकवतेय, पण पोरांच्या अंगावर ऊन पडलेलं काही बघितलं नाही," त्या मला म्हणाल्या. "निवृत्त व्हायच्या आत एकदा त्यांना उघड्यावर बसवायचंय. पुढच्या वर्षी मी नसेन, म्हणून यंदाच."

अंगणाच्या दारावर पाटी होती: 'हे अंगण बसण्यासाठी नाही. उभे राहण्यासाठीही नाही. – कार्यवाह'. कार्यवाह म्हणजे परचुरे. बँकेतून निवृत्त झालेले, पांढराशुभ्र झब्बा, इस्त्री अशी की कडेनं बोट कापावं. त्यांचं कार्यालय वरच्या मजल्यावर आणि खिडकी थेट अंगणावर.

मी जागा बघायला गेले की आधी गुडघ्यांवर रांगून बघते. मुलाच्या उंचीवरून काय दिसतं, कुठे डोकं आपटेल, कुठला कोपरा लपायला बरा, ते उभ्यानं कळत नाही. मी अशी रांगत असताना वरून आवाज आला, "बाई, काही हरवलंय का आपलं?"

"नाही, शोधतेय."

"तेच विचारलं," परचुरे म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

मग त्यांनी आम्हाला वर बोलावलं. ट्रस्टच्या सभासदांना त्या अंगणात दुचाकी लावायच्या होत्या. पेठेत गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे काय, हे पुणेकरांना मी सांगायला नको. परचुरे म्हणाले, "शबानाताईंचा मान म्हणून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत अंगण देतो. सुट्टी लागेल त्या दिवशी विश्वस्त येऊन बघतील. वापर दिसला तर अंगण मुलांचं. नाही दिसला तर गाड्यांचं. आणि वापर म्हणजे वापर. फोटो नकोत."

गणपतीत पेठेतलं कुणीही कुठलंही काम करत नाही, त्यामुळे विसर्जन झाल्यावरच आम्ही सुरुवात केली. कपाटं हलवली. भिंतीशी एक पन्हळ लावली, पाणी सोडायला आणि अडवायला. जवळच्या तांबट कारागिरांकडून पोचे आलेली, विकायला न चालणारी तांब्याची भांडी आणली आणि भिंतीवर टांगली. प्रत्येकाचा नाद निराळा. ओंडके, फळ्या, जुन्या साड्यांचे लांब तुकडे. आणि मधोमध अंगणाचं नाक, म्हणजे मातीचा मोठा हौद. खाली खडी, वर जाड कापड, त्यावर चाळलेली लाल माती. चांगला प्रशस्त, सगळी बालवाडी मावेल एवढा. मी हौदाभोवती फिरून बघितलं आणि स्वतःवरच खूश झाले.

पहिल्या दिवशी मुलं बाहेर आली. भांडी वाजवली, पन्हळीत पाणी सोडलं, साड्यांत गुंडाळून घेतलं. पण हौदात एकही उतरलं नाही. कडेला रांगेनं बसली, हात मांडीवर ठेवून. मी म्हटलं, नवलाई आहे, उद्या उतरतील.

दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडा झाला, मुलं कडेलाच. या धंद्यात मुलांना "खेळा, खेळा" म्हणायचं नसतं. म्हटलं की खेळ संपतो. गप्प बसून बघायचं. मी बघत बसले आणि मग न राहवून एकेक बदल करायला लागले. माती फार घट्ट झालीय म्हणून वाळू मिसळली. थंड लागत असेल म्हणून हौदावर आलेली झाडाची फांदी छाटून ऊन आत घेतलं. वास येतोय का म्हणून स्वतः मूठभर हुंगली. वरच्या खिडकीत परचुरे चहा पीत उभे असायचे. एक दिवस त्यांनी वरूनच विचारलं, "बाई, हे संग्रहालय आहे का?"

या सगळ्या काळजीत मला एकच सुख होतं, ते हौसामावशींचं. हौसामावशी बालवाडीच्या मदतनीस. हवेली तालुक्यातल्या एका गावाहून रोज बसनं यायच्या, मुलं यायच्या आधी सगळं झाडूनपुसून लख्ख करायच्या. मातीचा हौद त्यांना फार आवडला. रोज सकाळी त्या तो हातानं सारखा करायच्या, पाणी शिंपडायच्या आणि वर रांगोळी काढायच्या. पहिल्या दिवशी कोपऱ्यात छोटं फूल होतं. मी म्हटलं, "मावशी, काय सुरेख हात आहे हो तुमचा!" दुसऱ्या दिवशी वेल आली. मग कमळ. मी रोज कौतुक करायचे आणि रांगोळी रोज वाढायची. आठवडाभरानं हौदभर पिसारा पसरलेला मोर आला. मी त्याचा फोटोसुद्धा काढला.

आता वाचणाऱ्यांच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं. शबानाताईंच्याही नाही.

ते लक्षात आणून दिलं बंटूनं. बालवाडीत गार्गी नावाची एक चार वर्षांची मुलगी होती. बोलायला तिखट, पेठेतलीच. तिची आई तिला घ्यायला आली होती आणि तिच्या कडेवर गार्गीचा धाकटा भाऊ बंटू होता. आईनं त्याला खाली ठेवलं. बंटूला अजून कुणी काही शिकवलेलं नव्हतं. तो दुडुदुडु निघाला, हौदात उतरला, मोराच्या पिसाऱ्यात फतकल मारून बसला आणि दोन्ही हातांनी मोराची मान उपटून काढली.

सगळी बालवाडी एका आवाजात ओरडली, "ए! रांगोळी!"

"पाय नाही लावायचा!" गार्गी किंचाळली. "पाप लागतं!"

आणि मी? आयुष्यभर मुलांना चिखलात घाला म्हणून सांगत फिरणारी मी "अरे, अरे, अरे!" करत त्याला उचलायला धावले. हौदाच्या या टोकाला मी, त्या टोकाला बंटू. सरळ गेले असते तर चार पावलं. मी कडेकडेनं पूर्ण फेरी मारून त्याच्यापर्यंत पोचले.

बंटूला कडेवर घेऊन उभी राहिले तर शबानाताई माझ्याकडे बघत होत्या. "ताई," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही वळसा का घातलात?"

मी वळून हौदाभोवतीच्या माझ्या वाटेकडे बघितलं. मग आम्ही दोघी तिथेच ओंडक्यावर बसलो आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मी मातीत वाळू मिसळत होते, फांद्या छाटत होते, आणि शहाण्या घरची ती शहाणी मुलं घरी शिकवलेलं इमानानं पाळत होती. मला ती रांगोळी रोज दिसत होती आणि तरी दिसत नव्हती, कारण मीसुद्धा तेच शिकून वाढलेली.

आता सोपं होतं, असं मला वाटलं. हौसामावशींना बाजूला घेऊन मी म्हटलं, "मावशी, उद्यापासून हौदात रांगोळी नको."

मावशींचा चेहरा पडला. "मंजी माझं चुकलं व्हय?"

"चुकलं नाही हो. पण मुलं आत येत नाहीत. माती नुसती मोकळी ठेवा."

"मोकळी?" मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्रच बोलले होते. "सारवल्यावानी सारखी केल्याली माती, पानी शिपडलेलं, आन वर रांगूळ न्हाई? बाई, घरात कुनी गेल्याबिगर असं करत्यात का? लेकरं यायची हायती तितं. मला जमायचं न्हाई."

त्यांचं खरं होतं. सुतकातच दारात रांगोळी नसते, हे मलाही माहीत होतं. मी सारवासारव करायला गेले, तर त्या आणखीच दुखावल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी हौदाला हातच लावला नाही. माती कालच्यासारखीच उकरलेली पडली होती, बंटूच्या बुडाच्या खुणेसकट. मावशी आतल्या खोलीत डबे घासत बसल्या, आणि मुलं? मुलं मावशींभोवती. मावशी रुसल्या म्हटल्यावर अंगणात येतंय कोण! सुट्टी तोंडावर आली होती. वरून परचुरे म्हणाले, "प्रगती आहे. आता अंगणातही कोणी नाही."

मला त्या दिवशी ते हिरवं प्लास्टिकचं गवत आठवत होतं. इथे गवत नाही, गाड्या येणार होत्या, आणि शबानाताई पुन्हा दिव्याखाली. त्या डबा उघडून बसल्या होत्या, पण जेवत नव्हत्या.

मग त्यांनी डबा मिटला आणि आत जाऊन मावशींच्या शेजारी खाली बसल्या. "मावशी, एक विचारू? आमच्या दारात रांगोळी नसते. पण समोरच्या घरची मी लहानपणापासून बघत आले. रोज नवी असायची. मग कालची कुठे जायची?"

"पुसायची की," मावशी म्हणाल्या. "पुसल्याबिगर नवी कशी काडायची?"

"पुसताना पाप लागत नाही?"

"त्यात कसलं पाप! सडा टाकायचा, झाडायचं, मंग नवी." मावशींचे घासणारे हात थांबले. "त्ये तर कामच हाय."

"मग ते काम पोरांना द्या ना. तुम्ही काढायची, त्यांनी सडा टाकून पुसायची. रोज."

मावशींनी हातातला डबा धुऊन पालथा घातला. अखेर त्यांनी अटी घातल्या, आणि त्या अटी आजही त्या अंगणाच्या कायद्यासारख्या आहेत. स्वस्तिक, गोपद्मं, लक्ष्मीची पावलं दारातच राहतील, हौदात फक्त मोर, कमळं, झाडं. मावशींनी "व्हय" म्हटल्याशिवाय कुणी पुसायचं नाही. आणि हौदात उतरण्याआधी प्रत्येकानं नळावर पाय स्वच्छ धुवायचे. चिखलात जाण्याआधी पाय धुवायचे, याचं कारण मी विचारलं नाही. माझी एकच अट होती. मुलांचे हात तोंडात जातात, म्हणून दगडाच्या भुकटीची रांगोळी नको, तांदळाचं पीठ. "आमी पिठाचीच काडायचो पयल्यांदा," मावशी म्हणाल्या, म्हणजे ती अट त्यांचीच झाली. पिठामुळे मुंग्या आल्या आणि मुलांना मुंग्यांची रांग बघायला मिळाली, ती वरकड भर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी रांगोळीत झाड काढलं. मुलं पाय धुऊन कडेला उभी. मावशींनी पन्हळीतून पोचे आलेल्या भांड्यांत पाणी भरून दिलं आणि ओंजळ कशी धरायची, शिंपडायचं कसं ते दाखवलं. पहिली ओंजळ घाबरत पडली. दुसरी जरा लांब. मग भांडीच उपडी झाली. झाडाचा बुंधा विरघळला, पांढरं लाल झालं आणि मावशी म्हणाल्या, "व्हय. आता हातानं." हातानं पुसताना गुडघे आत गेले. गुडघ्यांमागून मुलं गेली.

त्या दिवसापासून अंगणाचा नूर पालटला. सडा झाला की चिखल, चिखलाच्या भाकऱ्या, भाकऱ्यांचं दुकान, दुकानाला धरण, धरण फुटलं की ओरडा. मुलं मातीवर बोटानं, काटकीनं, कोपरानं रेघा काढायला लागली आणि एकमेकांच्या पुसायला. गार्गीनं भांड्यातल्या पाण्यानं भिंतीवर चित्र काढायचा शोध लावला आणि ते वाळून नाहीसं का होतं याचा छडा लावत ती दोन दिवस भिंतीशी बसली होती. शबानाताई ओंडक्यावर बसून गोष्ट सांगायच्या, डोक्यावर पदर, पदरावर ऊन. आया कपड्यांवरून कुरकुरल्या, पण मग पोरं घरी जाऊन लवकर झोपतात असं त्यांच्या लक्षात आलं आणि कुरकुर आपोआप थांबली.

आणि मग सुट्टी लागायचा दिवस आला. परचुरे आणि दोन विश्वस्त येणार होते. पाहुणे येणार म्हणून हौसामावशींनी पहाटेची बस पकडली होती. मी पोचले तर हौदात मोर. आधीच्यापेक्षा मोठा, पिसाऱ्यातला एकेक डोळा निराळा. असला मोर मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, आणि माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली.

विश्वस्त आले. चपला काढून, हात मागे बांधून हौदाभोवती उभे राहिले. "वा!" एक जण म्हणाले. "काय कला आहे!" दुसऱ्यांनी फोन काढला. परचुरेंनी कडेकडेनं एक फेरी मारली. मुलं पाय धुऊन, भांडी भरून तयार होती. पण तीन मोठी माणसं मोराचं कौतुक करत होती, त्याच्याभोवती जपून चालत होती. मुलांनी ते बघितलं आणि त्यांची भांडी खाली गेली. मावशी "व्हय" म्हणाल्या. कुणी हललं नाही. मावशी पुन्हा म्हणाल्या. गार्गीनं आधी परचुरेंकडे बघितलं, मग मोराकडे, आणि हात मांडीवर ठेवून खाली बसली. तिच्यामागून सगळी बसली.

"हं," परचुरे म्हणाले. "सुंदर आहे. पण वापर दिसत नाही."

शबानाताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा पाहून मला भडभडून आलं. कुणीतरी मोठ्यानं आधी पाय टाकायला हवा होता, आणि ते कोण हे उघड होतं. गार्गीनं तर बोलूनच टाकलं. "बाई, तुम्ही जा ना. तुमचाच हौद आहे."

मी नळावर गेले, पाय धुतले, कडेला येऊन उभी राहिले. समोर मोराचा पिसारा. साठी ओलांडलेली बाई मी. हजारदा मुलांच्या आयांना सांगितलंय, काही होत नाही, घाला पाय. आणि माझा पाय उचलेना. खोटं नाही सांगत, घोट्यापासून जड झाला. आईचा आवाज कानात, रांगोळी ओलांडू नकोस.

हौसामावशी पुढे आल्या. त्यांनी माझा हात धरला, पिठानं पांढरा झालेल्या हातानं. पहाटे उठून काढलेल्या मोराकडे त्यांनी एकदा बघून घेतलं.

"टाका, बाई," त्या म्हणाल्या. "म्या काडलाय. म्याच सांगतीया. टाका पाय."

मी पाय टाकला. माती गार होती आणि बोटांच्या फटीतून वर आली. किती मऊ होती ती! इतकी वर्षं मी ती दुसऱ्यांसाठी चाळली, वाळवली, भरली, पण तिच्यात अनवाणी अशी कधी उभी राहिले नव्हते. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि मी दुसराही पाय टाकला, थेट मोराच्या डोक्यावर.

मग काय झालं ते नीट सांगता येणार नाही, कारण मागून पाण्याचं पहिलं भांडं माझ्याच पाठीवर रिकामं झालं. सगळी बालवाडी आत. मोर गेला, पिसारा गेला, चिखल उडाला तो थेट त्या पांढऱ्याशुभ्र झब्ब्यावर. विश्वस्त मागे सरले. परचुरे सरले नाहीत. ते खाली वाकले आणि धरण बांधायला लागलेल्या गार्गीला त्यांनी विचारलं, "काय चाललंय हे?"

"काम," गार्गी मान वर न करता म्हणाली.

"कसलं काम?"

"तुम्ही पाण्यात उभे आहात. बाजूला व्हा, मग दिसेल."

परचुरे बाजूला झाले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. फार नाही, मिशीपुरतं. "शिक्षण उत्तम चाललंय," ते विश्वस्तांना म्हणाले आणि झब्बा झटकत वर गेले.

एवढ्यावर निकाल कळला असं पुण्यात कुणी समजू नये. निकाल मला दिवाळीनंतर कळला. शाळा सुरू झाली त्या दिवशी सकाळीच मी कसब्यात गेले. दारावरची जुनी पाटी काढलेली होती. नवी पाटी त्याच अक्षरात: 'या अंगणाचा वापर मुले करत आहेत. येथे वाहन लावल्यास त्यावर चिखल उडेल. तक्रार मुलांकडेच करावी. – कार्यवाह'.

आत शबानाताई उन्हात ओंडक्यावर बसल्या होत्या. पुढच्या वर्षी येणाऱ्या नव्या बाईंना त्यांनी आत्ताच बोलावून घेतलं होतं आणि ओंजळ कशी धरायची ते दाखवत होत्या. हौसामावशींनी मला दारातूनच पाहिलं.

"या बाई, आज कमळ काडलंय. पाय धुवा आधी."

मी पाटीखाली चपला काढल्या, नळावर पाय धुतले आणि सरळ कमळावरून चालत त्यांच्याकडे गेले.